विहीर खोदण्याआधीचा भाव: तेलशोधाच्या शेअरमध्ये लहान गुंतवणूकदार नेमके काय विकत घेतो

समुद्रतळाच्या खाली दोन-तीन किलोमीटरवर असलेल्या वालुकाश्माच्या एखाद्या थरात तेल आहे की नुसते खारे पाणी, हे तिथपर्यंत खोदल्याशिवाय कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. तरीही खोदकाम सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून त्या उत्तरावर पैसे लावणारे लोक शेअर बाजारात असतात. त्यांनी एखाद्या छोट्या तेलशोधक कंपनीचे शेअर घेतलेले असतात. अशा कंपनीकडे उत्पन्न देणारे एकही तेलक्षेत्र नसते. बँकेत थोडी रोकड, तेल शोधण्याचे दोन-चार परवाने आणि येत्या काही आठवड्यांत खोदायची एक विहीर, एवढीच तिची मालमत्ता असते. तेल सापडले तर भाव एका सकाळीत दुप्पट होऊ शकतो आणि विहीर कोरडी निघाली तर तो तितक्याच वेगाने निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. लंडनच्या शेअर बाजाराने लहान कंपन्यांसाठी १९९५ साली सुरू केलेला एम (AIM) हा विभाग, कॅनडातील व्हेंचर एक्स्चेंज आणि ऑस्ट्रेलियाचा बाजार ही अशा कंपन्यांची नेहमीची ठिकाणे आहेत.

तेल आहे की नाही, हा प्रश्न घरी बसून शेअर घेणाऱ्या माणसाच्या आवाक्यातला नाही आणि तो सोडवण्याचा आव त्याने आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र आजच्या भावात तेल सापडण्याची किती शक्यता आधीच धरलेली आहे, हा दुसरा प्रश्न कागद-पेन्सिल घेऊन अर्ध्या तासात सुटू शकतो. लोक तावातावाने चर्चा करतात ती पहिल्या प्रश्नाची, आणि पैसे बुडतात ते मात्र दुसरा प्रश्न न विचारल्यामुळे.

आधी जमिनीखालची बाजू पाहू. तेलशोधासाठी केल्या जाणाऱ्या भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात कृत्रिम ध्वनिलहरी खाली सोडतात आणि खडकांच्या वेगवेगळ्या थरांवरून त्या परत यायला किती वेळ लागतो, हे मोजतात. त्यातून थरांचा आकार कळतो, कुठे घुमटासारखा उंचवटा आहे आणि कुठे खडक तुटून सरकला आहे, हे दिसते. पण तेल दिसत नाही. काही ठिकाणी लहरींचा प्रतिसाद विशेष ठळक येतो आणि तो वायूचा किंवा तेलाचा संकेत असू शकतो, परंतु पाण्यात बुडबुड्यांच्या रूपात राहिलेला आणि विक्रीच्या दृष्टीने निरुपयोगी असा अगदी थोडा वायूसुद्धा तसाच ठळक प्रतिसाद देतो. कंपनीच्या सादरीकरणातले लाल-पिवळे नकाशे पाहून हुरळून जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

तेलाचा साठा व्हायला पाच गोष्टी एकाच जागी जुळून याव्या लागतात. सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असा स्रोत खडक पुरेसा तापलेला हवा, तेल धरून ठेवणारा सच्छिद्र साठवण खडक हवा, तेल अडकून राहील असा सापळ्याचा आकार हवा, वरून ते निसटू न देणारे अभेद्य आच्छादन हवे, आणि तेल वाहत येण्याच्या वेळी हा सापळा तयार झालेला असायला हवा. भूवैज्ञानिक यांपैकी प्रत्येकीची शक्यता स्वतंत्रपणे अंदाजतात आणि त्या अंदाजांचा गुणाकार करतात. समजा स्रोताची शक्यता ९० टक्के, साठवण खडकाची ७०, सापळ्याची ७०, आच्छादनाची ६० आणि वेळ जुळण्याची ८० टक्के आहे. यांतला एकही आकडा निराशाजनक वाटत नाही, पण त्यांचा गुणाकार सुमारे २१ टक्के येतो. म्हणजे सगळे काही बऱ्यापैकी अनुकूल असतानासुद्धा अशा पाचांपैकी चार विहिरी कोरड्या निघणार. शिवाय ही झाली भूवैज्ञानिक यशाची शक्यता. नफ्यात काढता येईल एवढे तेल सापडण्याची शक्यता त्याहून कमीच असते.

यांपैकी एकच गोष्ट हुकली तर काय होते, याचे सर्वांत खर्चिक उदाहरण अलास्काच्या उत्तरेला बोफोर्ट समुद्रात घडले. तिथून फार दूर नसलेल्या प्रुडो बे येथे १९६८ साली उत्तर अमेरिकेतले सर्वांत मोठे तेलक्षेत्र सापडले होते, त्यामुळे मुक्लुक नावाच्या भल्यामोठ्या उंचवट्याकडून सगळ्यांच्याच आशा उंचावल्या होत्या. बड्या कंपन्यांनी परवान्यांसाठी प्रचंड रकमा मोजल्या, समुद्रात खडी टाकून कृत्रिम बेट उभारले आणि १९८३ साली विहीर खोदली. परवाने आणि खोदकाम मिळून दीड अब्ज डॉलरांहून अधिक खर्च झाला. तेलाचे डाग असलेला वालुकाश्म मिळाला, पण त्यातले तेल फार पूर्वीच निसटून गेले होते. त्या कंपन्यांकडे जगातले उत्तम भूवैज्ञानिक होते आणि सर्व माहिती त्यांच्या हाताशी होती, हे इथे महत्त्वाचे आहे. पंधरा पानांचे सादरीकरण वाचून आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त कळते, असे मानायला काहीही आधार नाही.

सुदैवाने शक्यतेचा आकडा गुप्त नसतो. लंडनच्या एम विभागातील तेल व खाण कंपन्यांसाठी २००९ साली सुधारून काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बाजारात प्रवेश करताना स्वतंत्र सक्षम तज्ज्ञाचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो आणि नंतरच्या तांत्रिक घोषणाही किमान पाच वर्षांचा संबंधित अनुभव असलेल्या व्यक्तीने तपासलेल्या असाव्या लागतात. या अहवालात प्रत्येक संभाव्य जागेसाठी कमी, मध्यम आणि जास्त असे तीन अंदाज असतात आणि त्यांच्याशेजारी यशाची शक्यता टक्क्यांत दिलेली असते. कंपनीच्या जाहिरातवजा पत्रकात बहुधा तीन अंदाजांपैकी मोठा आकडा ठळक छापलेला असतो आणि टक्केवारी तळटीपेत जाते. वाचणाऱ्याने आधी तळटीप वाचावी.

तेलाचे मोजमाप सांगताना वापरले जाणारे शब्दही एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. पेट्रोलियम अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने इतर संस्थांसह २००७ साली ठरवलेल्या आणि २०१८ साली सुधारलेल्या वर्गीकरणात तीन पायऱ्या आहेत. ज्याचा शोधच लागलेला नाही ते ‘संभाव्य संसाधन’. शोध लागला आहे, पण जे काढणे अद्याप व्यापारीदृष्ट्या पक्के झालेले नाही ते ‘सशर्त संसाधन’. आणि जे ठरलेल्या प्रकल्पातून नफ्यात काढता येणार आहे तोच खरा ‘राखीव साठा’. विहिरीआधी एखादी कंपनी पन्नास कोटी बॅरल म्हणते तेव्हा ती पहिल्या पायरीबद्दल बोलत असते. त्यातही ‘जमिनीखाली असलेले तेल’ आणि ‘बाहेर काढता येणारे तेल’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते.

एप्रिल २०१५ मध्ये इंग्लंडमध्ये हे अंतर उघड्यावर आले. गॅटविक विमानतळाजवळच्या हॉर्स हिल येथील विहिरीच्या विश्लेषणानंतर यूके ऑइल अँड गॅस या छोट्या कंपनीने दर चौरस मैलाखाली १५.८ कोटी बॅरल तेल असल्याचा अंदाज जाहीर केला. बातम्यांमध्ये हा आकडा दक्षिण इंग्लंडमधल्या संपूर्ण वील्ड खोऱ्याला (गाळाच्या थरांच्या सलग प्रदेशाला) लावून १०० अब्ज बॅरलपर्यंत पोहोचवण्यात आला आणि काही तासांत शेअरचा भाव अनेक पटींनी चढला. त्याच कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे त्यातले ३ ते १५ टक्केच तेल बाहेर काढता येण्यासारखे होते, आणि खोऱ्याचा आकडा हा तिच्या परवान्याचा आकडा नव्हता, हेही तिला नंतर स्पष्ट करावे लागले. दोन्ही गोष्टी न वाचता ज्यांनी त्या सकाळी वरच्या भावात खरेदी केली, त्यांना उतरलेला भाव पाहत बसावे लागले.

आता कागद-पेन्सिल घेऊ. एक काल्पनिक कंपनी समजा. तिचे ५० कोटी शेअर आहेत आणि भाव १० पेन्स आहे (१०० पेन्सचा एक पौंड), म्हणजे बाजार तिची किंमत ५ कोटी पौंड करतो. विहिरीचा खर्च भागवून तिच्याकडे १ कोटी पौंड उरतील. ज्या जागी विहीर खोदायची आहे तिथला मध्यम अंदाज काढता येण्याजोग्या १० कोटी बॅरलचा आहे आणि परवान्यात कंपनीचा हिस्सा एक चतुर्थांश आहे. म्हणजे यश आले तर तिच्या वाट्याला अडीच कोटी बॅरल येतील. शोध लागलेल्या पण अजून विकसित न झालेल्या तेलाला बाजार दर बॅरल साधारण ३ पौंड देईल असे धरू, म्हणजे यशाची किंमत साडेसात कोटी पौंड झाली. तज्ज्ञाच्या अहवालात यशाची शक्यता २० टक्के दिली आहे. साडेसात कोटींचे २० टक्के म्हणजे दीड कोटी, त्यात रोकड १ कोटी मिळवली की अडीच कोटी पौंड होतात, आणि ५० कोटी शेअरनी भागले की दर शेअरला ५ पेन्स येतात. बाजारात मात्र भाव १० पेन्स आहे.

हेच गणित उलटे केले तर अधिक बोलके होते. ५ कोटींच्या बाजारमूल्यातून १ कोटीची रोकड वजा करता उरलेले ४ कोटी पौंड हे या विहिरीसाठी दिलेले आहेत. ४ ला साडेसातने भागले तर ५३ टक्के येतात. तज्ज्ञ म्हणतो पाचांत एक, आणि खरेदी करणारे भाव असा देत आहेत की जणू दोहोंत एकाहून अधिक. तेल सापडले तर शेअर १७ पेन्सपर्यंत जाईल, म्हणजे ७ पेन्सचा फायदा. न सापडले तर रोकडीइतका, म्हणजे २ पेन्सवर येईल, म्हणजे ८ पेन्सचा तोटा. कमावण्यापेक्षा गमावण्याची रक्कम मोठी आणि तिची शक्यता चौपट, असा हा सौदा आहे. दर बॅरलचे मोल दुप्पट करून ६ पौंड धरले तरी न्याय्य भाव ८ पेन्सच्या पुढे जात नाही.

या गणितातले आकडे सैल आहेत, हे मान्यच आहे. दर बॅरलचे मोल तेलाचा जागतिक भाव, पाण्याची खोली, त्या देशाचे कर आणि जवळ पाइपलाइन आहे की नाही, यांवर बदलते. तरीही गणित केल्याने एक गोष्ट नक्की साधते, ती म्हणजे आपण कोणत्या गृहीतकावर पैसे लावत आहोत हे नावानिशी समोर येते. ‘मला वाटते इथे तेल आहे’ या वाक्याच्या जागी ‘तज्ज्ञ २० टक्के म्हणत असताना मी ५३ टक्क्यांचा भाव देत आहे आणि त्याचे कारण अमुक’ असे वाक्य लिहावे लागते. अनेकदा त्या ‘अमुक’च्या जागी लिहायला काहीच सापडत नाही, आणि तिथेच निर्णय होऊन जातो.

भाव इतका वर जातोच कसा, याचे उत्तर विहिरीच्या आधीच्या काही महिन्यांत मिळते. कंपनी आधी खोदकामासाठी पैसे उभारते. हे पैसे बहुधा चालू भावापेक्षा कमी भावाने निवडक मोठ्या गुंतवणूकदारांना नवे शेअर देऊन उभे केले जातात, आणि काही वेळा त्यांच्यासोबत पुढे ठरावीक भावाने आणखी शेअर घेण्याचा हक्कही दिला जातो. मग रिगचा, म्हणजे खोदकामाच्या यंत्रमंचाचा, करार झाल्याची घोषणा येते, रिग निघाल्याची येते, ती पोहोचल्याची येते आणि शेवटी खोदकाम सुरू झाल्याची येते. प्रत्येक घोषणेबरोबर लक्ष वेधले जाते आणि नवे खरेदीदार येतात. जमिनीखालच्या शक्यतेत या काळात तसूभरही बदल झालेला नसतो. बदललेले असते ते फक्त उत्सुकतेचे प्रमाण. ज्यांनी सुरुवातीला स्वस्तात शेअर घेतले होते, त्यांना याच उत्सुकतेत नफा काढून घेता येतो, आणि निकालाच्या आदल्या आठवड्यात आलेला लहान गुंतवणूकदार पुष्कळदा त्यांच्याकडूनच शेअर घेत असतो. यात बेकायदा काही नाही. तेलशोधाच्या शेअरवर सातत्याने पैसे मिळवणारे अनेक जण विहिरीच्या निकालावर नव्हे, तर निकालाआधीच्या या चढावर पैसे मिळवतात आणि निकालापूर्वी बाहेर पडतात.

या काळातल्या सर्व संकेतांमध्ये मला एकच खरोखर वजनदार वाटतो, तो म्हणजे हिस्सा विकण्याचा करार. छोटी कंपनी परवान्यातला मोठा हिस्सा एखाद्या बड्या कंपनीला देते आणि त्या बदल्यात ती बडी कंपनी विहिरीचा खर्च उचलते. अशा भागीदाराने करार करण्याआधी सर्वेक्षणाची मूळ माहिती आपल्या तज्ज्ञांकडून तपासून घेतलेली असते आणि मग स्वतःचे पैसे घातलेले असतात. त्यामुळे विहीर यशस्वी होईलच असे नाही, कारण पाचांत एक ही शक्यता बड्या कंपनीलाही चुकत नाही. पण तिच्याकडे अशा वीस विहिरी असतात आणि छोट्या कंपनीच्या भागधारकाकडे एकच. उलट, हिस्सा विकत घ्यायला वर्षानुवर्षे कोणीच पुढे आले नाही आणि शेवटी कंपनीने सगळा खर्च लहान गुंतवणूकदारांकडून उभा केला, तर माहिती पाहिलेल्यांनी काय ठरवले याचे उत्तर त्यातच आहे.

खोदकाम सुरू झाल्यानंतरचे आठवडे अफवांचे असतात. घोषणा उशिरा आली की एक गट म्हणतो, तेल सापडले म्हणूनच चाचण्या लांबल्या. दुसरा म्हणतो, वाईट बातमी दडवली जात आहे. प्रत्यक्षात नळ अडकतो, हवामान बिघडते, बाजूने नवे भोक पाडावे लागते, उपकरण नादुरुस्त होते, आणि यांपैकी कशाचाही खालच्या थरात काय आहे याच्याशी संबंध नसतो. रिगवर ज्यांना खरोखर काही माहीत असते, त्यांना त्यावर व्यवहार करण्यास आणि ते इतरांना सांगण्यास कायद्याने बंदी असते. म्हणून ‘आतली बातमी’ म्हणून जे कानावर येते ते एकतर खोटे असते, किंवा खरे असेल तर त्यावर व्यवहार करणे हा गुन्हा असतो. दोन्ही बाबतीत ती बातमी आपल्या कामाची नाही.

हे सगळे एकाच वर्षात, एकाच समुद्रात आणि एकाच रिगवर पाहायचे असेल, तर दक्षिण अटलांटिक महासागरातल्या फॉकलंड बेटांचे २०१० साल पाहावे. तिथल्या उत्तर खोऱ्यात १९९८ साली सहा विहिरी खोदल्या गेल्या होत्या, तेलाच्या खुणा मिळाल्या होत्या, पण त्या वर्षी कच्च्या तेलाचा भाव बॅरलला १० डॉलरच्या आसपास घसरला आणि बड्या कंपन्या निघून गेल्या. परवाने छोट्या कंपन्यांकडे राहिले. फेब्रुवारी २०१० मध्ये ओशन गार्डियन ही रिग तिथे पोहोचली आणि डिझायर पेट्रोलियमने ‘लिझ’ नावाच्या जागेवर पहिली विहीर सुरू केली. हजारो लहान गुंतवणूकदारांचे डोळे तिच्याकडे लागले होते. मार्चच्या अखेरीस कंपनीने जाहीर केले की थोडे तेल दिसले असले तरी ते व्यापारी दर्जाचे असण्याची शक्यता कमी आहे, आणि त्या दिवशी भाव जवळपास निम्म्यावर आला. लगेच पुढच्या खोदकामात शेजारच्या परवान्याची मालक असलेल्या रॉकहॉपर या कंपनीची पाळी होती. ६ मे रोजी तिने ‘सी लायन’ येथे तेल सापडल्याचे जाहीर केले आणि तिचा भाव एका दिवसात दुपटीहून अधिक झाला. खोरे तेच, रिग तीच, दोन्ही कंपन्या लंडनच्या एम विभागातल्या. आणि विहिरीआधी या दोहोंतली कोणती निवडावी हे सांगू शकेल असा कोणताही आकडा लहान गुंतवणूकदारापाशी नव्हता.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये जे घडले ते मात्र प्रत्येकाने अभ्यासावे असे आहे. डिझायरने ‘रेचल नॉर्थ’ या विहिरीच्या प्राथमिक नोंदींवरून तेल सापडल्याचे जाहीर केले. भाव उसळला. काही दिवसांतच प्रत्यक्ष द्रवाचे नमुने वर आणले गेले तेव्हा ते मुख्यतः पाणी असल्याचे आढळले, आणि नव्या घोषणेबरोबर भाव कोसळला. विहिरीत तारेने उतरवलेली उपकरणे तेल थेट पाहत नाहीत. ती खडकाचा विद्युतरोध, घनता, किरणोत्सार अशा गुणधर्मांची मोजणी करतात आणि त्यावरून सच्छिद्र जागेत काय भरले आहे याचा अंदाज बांधला जातो. खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, तेलातून नाही, म्हणून जास्त रोध हा तेलाचा संकेत मानतात. पण खडकाची घडण वेगळी असेल किंवा पाणी कमी खारे असेल तर तोच संकेत फसवा ठरू शकतो. म्हणून ‘नोंदींवरून दिसते’ आणि ‘नमुना वर आला’ या दोन घोषणा एकाच तोलाच्या नाहीत. आणि ‘तेल वाहत्या स्वरूपात पृष्ठभागावर आले, दिवसाला इतके बॅरल’ ही तिसरी घोषणा त्या दोहोंपेक्षा पुष्कळ भक्कम असते.

तेल सापडले, तरी गोष्ट संपत नाही. टलो ऑइल या कंपनीने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०१९ मध्ये गयानाच्या समुद्रात लागोपाठ दोन शोध जाहीर केले आणि तिचा छोटा भागीदार इको अटलांटिक याच्या शेअरमध्येही मोठी तेजी आली. नोव्हेंबरमध्ये नमुन्यांच्या तपासणीतून कळले की हे तेल जड आणि जास्त गंधक असलेले आहे, म्हणजे काढायला कठीण आणि विकायला स्वस्त. दोन्ही कंपन्यांचे भाव जोरात पडले. तेल होते, मोठे होते, पण हवे तसे नव्हते.

तेल उत्तम असले तरी पैशांचा प्रश्न उरतो. गल्फ कीस्टोन या कंपनीला २००९ साली इराकी कुर्दिस्तानात शैकान हे मोठे क्षेत्र सापडले. तिच्या शेअरचा भाव चढत चढत फेब्रुवारी २०१२ मध्ये ४ पौंडांच्या वर गेला, तेव्हा कोणीतरी बडी कंपनी तिला विकत घेणार अशा वार्ता सर्वत्र होत्या. तसे झाले नाही. विकासासाठी घेतलेले कर्ज, निर्यातीचे पैसे मिळण्यातली अनिश्चितता आणि २०१४ नंतर पडलेला तेलाचा भाव यांनी कंपनीला घेरले, आणि २०१६ साली ६० कोटी डॉलरांहून अधिक कर्ज १० कोटींवर आणताना उरलेल्या कर्जाच्या बदल्यात कर्जदात्यांना इतके शेअर द्यावे लागले की जुन्या भागधारकांचा हिस्सा अगदीच थोडा राहिला. शैकानमधले तेल आजही खरे आहे. ज्यांनी ते सापडेल यावर पैसे लावले होते, त्यांचे भाकीतही खरे ठरले होते. तरीही जे शेवटपर्यंत थांबले त्यांचे बहुतेक पैसे गेले. सी लायनच्या बाबतीतही शोध लागून पंधरा वर्षे झाली तरी विक्रीचे तेल निघालेले नव्हते. दरम्यान डिझायर दुसऱ्या एका फॉकलंडी कंपनीत विलीन झाली आणि ती कंपनी पुढे २०१६ साली रॉकहॉपरमध्ये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती नसती तर या शेअरकडे कोणी फिरकलेच नसते. स्कॉटलंडच्या केर्न एनर्जी या कंपनीने राजस्थानातल्या बाडमेरच्या परवान्यातला शेल कंपनीचा अर्धा हिस्सा २००२ साली अवघ्या ७२.५ लाख डॉलरांना घेतला, आणि जानेवारी २००४ मध्ये तिथे मंगला क्षेत्र सापडले. भारतातला दोन दशकांमधला तो सर्वांत मोठा जमिनीवरचा शोध होता. केर्न त्याच वर्षी लंडनच्या आघाडीच्या शंभर कंपन्यांत जाऊन बसली आणि २००९ साली मंगलातून तेल निघू लागले. पण हीच केर्न २०१० आणि २०११ मध्ये ग्रीनलँडच्या समुद्रात आठ विहिरी खोदून एकही व्यापारी शोध न लावता परतली. माणसे तीच, अनुभव वाढलेला, पैसा जास्त, खडक निराळे.

ग्रीनलँडच्या त्या आठ विहिरींवरून आणखी एक गैरसमज दूर होतो. पाचांत एक शक्यता असलेल्या पाच विहिरी असतील तर एक तरी लागणारच, असे अनेकांना वाटते. त्या एकमेकींपासून पूर्णपणे स्वतंत्र असत्या तरी पाचही कोरड्या जाण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के असते. आणि त्या स्वतंत्र नसतात. एकाच खोऱ्यात स्रोत खडकच पुरेसा तापलेला नसेल, तर तिथली प्रत्येक विहीर त्याच एका कारणाने कोरडी जाते. पहिली विहीर कोरडी गेल्यावर ‘आता पुढची नक्की’ असे म्हणत पडत्या भावात आणखी शेअर घेऊन सरासरी खाली आणणाऱ्याने, पहिली विहीर कोणत्या कारणाने कोरडी गेली हे आधी शोधावे. साठवण खडक त्या एका जागी खराब निघाला असेल तर पुढच्या विहिरीची आशा टिकते. स्रोताचाच पत्ता लागला नसेल तर पुढच्या सगळ्या विहिरींची शक्यता त्याच दिवशी कमी झालेली असते, मग भाव कितीही स्वस्त दिसो.

शेवटी, तोटा मर्यादित ठेवण्याच्या नेहमीच्या उपायाविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावर विसंबून पुष्कळ जण आवाक्याबाहेर पैसे लावतात. भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विक्री व्हावी असा आदेश, म्हणजे स्टॉप-लॉस, दलालाकडे देऊन ठेवता येतो. हळूहळू घसरणाऱ्या शेअरमध्ये तो उपयोगी पडतो. विहिरीचा निकाल मात्र लंडनमध्ये बहुधा सकाळी ७ वाजता प्रसिद्ध होतो आणि व्यवहार ८ वाजता उघडतात. आदल्या संध्याकाळी १० पेन्सवर बंद झालेला शेअर सकाळी थेट ३ पेन्सवर उघडतो. ८ पेन्सवर लावलेल्या आदेशाला मधल्या भावात घेणारा कोणीच नसतो, म्हणून विक्री होते तीही ३ च्या आसपासच. छोट्या शेअरमध्ये तर खरेदी आणि विक्रीच्या भावातले अंतर त्या क्षणी आणखी रुंदावते आणि मोजक्याच शेअरपुरता भाव मिळतो. त्यामुळे या प्रकारात तोट्यावर नियंत्रण ठेवण्याची जागा एकच उरते, ती म्हणजे विकत घेताना ठरवलेली रक्कम. वरच्या उदाहरणातला १० पेन्सचा शेअर २ पेन्सवर उघडला, तर लावलेल्या रकमेतला एक पंचमांशच हाती राहील असे धरून, आणि पाचांपैकी चार वेळा असेच होणार हे गृहीत धरून, जी रक्कम गेली तरी चालेल तेवढीच रक्कम निकालाच्या दिवशी त्या शेअरमध्ये असावी. उरलेली रक्कम आदल्या आठवड्यातल्या चढत्या भावात विकून काढता येते, आणि तेव्हा घेणारे भरपूर असतात.